ठोका आणि बटई

आमच्या हिंगोली जिल्ह्यात शेत दुसऱ्याला कसायला द्यायच्या रीती मुख्यतः दोन. एक ठोका, दुसरी बटई. ठोक्यात पाडव्याला रक्कम ठरते आणि मालक ती मोजून घेतो. मग पाऊस पडो न पडो, सोयाबीनला शेंगा लागोत की नुसता पाला वाढो. बटईत रक्कम ठरत नाही, वाटा ठरतो. पिकलं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं. ठोक्याचा मालक निर्दय, पण वर्षातून एकदाच दारात येतो. बटईचा मालक रोज बांधावर येऊन उभा राहतो, पण निदान तुमच्यासोबत ढगाकडे तरी बघतो.

एकाच शेताचा ठोकाही घेतला आणि वर बटईही घेतली, असा मालक मात्र हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा या पाचही तालुक्यांत सापडायचा नाही. गाव त्याला पारावर बसू द्यायचं नाही.

असा मालक बघायचाच असेल तर पेट्रोल पंपावर जावं.

२०२५ साली पाडवा ३० मार्चला झाला. सालगड्यांची सालं ठरली, ठोक्याचे कागद झाले. आठ दिवसांनी, ७ एप्रिलच्या सोमवारी, दिल्लीनंही आपला ठोका वाढवला. पेट्रोलवर लिटरमागं दोन रुपये, डिझेलवर दोन रुपये. पाठोपाठ खुलासा आला, की ग्राहकांनी घाबरू नये, पंपावरचा भाव आहे तोच राहील.

त्या आठवड्यात आमच्याकडे हळद शिजत होती. कुकरची वाफ, वाळवणीला पसरलेल्या कांड्या, पलीकडच्या रानात नांगरटीचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाले मामा पाणी प्यायला बांधावर आले, तेव्हा मी त्यांना बातमी सांगितली.

“मामा, डिझेलवर दोन रुपये कर वाढला.”

“भाव वाढला का?”

“नाही.”

“मंग वाढलं काय?”

“कर वाढला. बाहेर तेल स्वस्त झालंय, त्यामुळं भाव उतरायला पाहिजे होता. तो उतरायच्या आधीच सरकारनं मधल्या मधी उचलला.”

मामांनी तांब्या खाली ठेवला. “म्हंजे म्हैस व्यायच्या आधीच वगार सोडून नेली म्हन की. आन् वरून सांगायलेत, घाबरू नका, तुमची म्हैस तुमच्याच दावणीला हाय.”

दिल्लीच्या खुलाशाचं इतकं स्वच्छ मराठी भाषांतर कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही.

हिशेब तसा सोपा आहे. २ एप्रिलला ट्रम्प साहेबांनी साऱ्या जगावर आयात शुल्क लावलं, बाजार गडगडले, कच्चं तेल पिंपाला ६५ डॉलरच्या आसपास आलं. आमचं पेट्रोल मात्र शंभरीच्या वर बसलं होतं ते बसूनच राहिलं. मधली जागा रिकामी दिसली की तिथं कर रुजतो. कारण सांगितलं गेलं ते असं, की घरगुती गॅसमध्ये तेल कंपन्यांना तोटा झालाय, तो भरून काढायचाय. ठीक आहे, चुलीचा तोटा टाकीतून भरा. पण त्याच दिवशी सिलिंडरही पन्नास रुपयांनी महाग केला. उज्ज्वलाचासुद्धा. चुलीसाठी टाकीतून घेतलं आणि चुलीकडूनही घेतलं. ज्याच्या घरी सिलिंडर आहे आणि दारात मोटारसायकल, म्हणजे आपण सगळेच, त्याच्या दोन्ही खिशांत एकाच रात्री हात गेला.

हे काही २०२५ सालीच घडलं असं नाही. २०१४ साली केंद्राचा ठोका पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे होता आणि डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे. मग जगात तेल कोसळलं. शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्याही खाली गेलं. तेवढ्या काळात दिल्लीनं ठोका नऊ वेळा वाढवला. २०२० च्या एप्रिलात तर अमेरिकेच्या बाजारात तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. विकणारा म्हणत होता, तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. आम्ही टाळेबंदीत घरात बसून ती बातमी बघितली आणि भाबडेपणानं भाव उतरायची वाट पाहिली. ५ मेच्या रात्री पेट्रोलचा ठोका दहा रुपयांनी चढला, डिझेलचा तेरा रुपयांनी. मिळून झाले पेट्रोलला ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलला ३१ रुपये ८३ पैसे. डिझेलचा ठोका सहा वर्षांत जवळपास नऊपट. आमच्याकडच्या कुठल्या काळ्या कसदार जमिनीचा ठोका सहा वर्षांत नऊपट झालाय?

पुढं तो उतरवला, हेही सांगितलं पाहिजे. २०२१ च्या दिवाळीत पेट्रोलला पाच आणि डिझेलला दहा, २०२२ च्या मे महिन्यात आठ आणि सहा. २०२५ चे दोन धरून पेट्रोलला २१ रुपये ९० पैसे आणि डिझेलला १७ रुपये ८० पैसे उरले. पण २०१४ च्या आकड्यापर्यंत परत जायची वाट कुणाला सापडली नाही. एकूण नियम असा दिसतो, की तेल महागलं की ते आंतरराष्ट्रीय असतं, स्वस्त झालं की राष्ट्रीय.

या ठोक्याची फोड बघितली तर करमणूक होते. डिझेलच्या त्या १७ रुपये ८० पैशांत चार रुपये ‘कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर’ होता. म्हणजे मामा शेत नांगरायला डिझेल टाकत तेव्हा शेतीच्या भल्यासाठी लिटरमागं चार रुपये देत. शेतकऱ्याकडून घेऊन शेतीला द्यायचं, फक्त दिल्लीवरून. दोन रुपये रस्त्यांचा उपकर होता. ट्रॅक्टर दिवसभर ढेकळांत फिरला, डांबराला चाक लागलं नाही, तरी रस्त्याचे दोन रुपये लागलेच.

आणि यातली भाऊबंदकी तर आमच्या कोर्टकचेऱ्यांच्या वरताण. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना द्यायचा असतो, पण तो मूळ करातला. उपकर आणि अधिभार वाटणीत येत नाहीत. म्हणून पेट्रोलच्या त्या २१ रुपये ९० पैशांत मूळ कर ठेवला होता फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळ्याची नावं वेगळी. थोरल्या भावानं बागायत बायकोच्या नावावर करून टाकली आणि वाटणीला माळाचा तुकडा काढला, तसलाच प्रकार. धाकटा भाऊ म्हणजे राज्य. तो काय गप्प बसतो? थोरल्याकडून मिळत नाही ना, मग तो गड्याकडून घेतो. गडी कोण, ते सांगायला नको.

धाकट्याची रीत बटईची. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि डिझेलवर २१ टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि तो थोरल्याचा ठोका मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. करावर कर. शिवाय पेट्रोलवर राज्याचा लिटरमागं ५ रुपये १२ पैशांचा स्वतःचा छोटा ठोकाही आहे, थोरल्यापेक्षा आपण कमी दिसू नये म्हणून. बटईतली गंमत अशी, की कर वाढवायची घोषणाच करावी लागत नाही. बाहेर तेल दहा रुपयांनी चढलं की पंपावर पेट्रोल साडेबारा रुपयांनी चढतं. वरचे अडीच रुपये राज्याच्या कणगीत आपोआप पडतात. महागाईनं जनता होरपळतेय, असं भाषण चालू असताना ते पडत असतात.

मे २०२२ ची गोष्ट यातला मेरुमणी. २१ मेला केंद्रानं पेट्रोलचा ठोका आठ रुपयांनी आणि डिझेलचा सहा रुपयांनी कमी केला. दुसऱ्या दिवशी राज्यानंही मन मोठं केलं आणि आपला कर पेट्रोलवर २ रुपये ८ पैशांनी, डिझेलवर १ रुपया ४४ पैशांनी कमी केल्याचं जाहीर केलं. आता कागद घ्या. मुंबईत तेव्हा पेट्रोलवर २६ टक्के कर होता. आठ रुपयांचे २६ टक्के म्हणजे बरोबर २ रुपये ८ पैसे. डिझेलवर २४ टक्के. सहा रुपयांचे २४ टक्के म्हणजे बरोबर १ रुपया ४४ पैसे. थोरल्यानं ठोका कमी केल्यावर बटई आपोआप जेवढी कमी होते, तेवढीच ती झाली होती. झाडाचं पिकलेलं पान गळून पडलं आणि झाडानं पत्रकार परिषद घेतली. तरी त्यातही मुंबईचा दर धरला होता. हिंगोलीच्या दरानं हिशेब केला तर दोन रुपये आणि सव्वा रुपयाच्या वर एक पैसा होतो. घोषणाही आमच्या मापाची शिवलेली नसते.

राज्याला कारणं मात्र नेहमी भावूक सापडतात. २०१५ च्या ऑक्टोबरात फडणवीस सरकारनं दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर दोन रुपये अधिभार लावला. आम्ही मान डोलावली; दुष्काळ आमचाच होता, नाही कसं म्हणायचं? २०१७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, तिजोरीला खड्डा पडला, आणि त्याच महिन्यात पेट्रोलवर आणखी तीन रुपये आले. माळकऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की दुसऱ्याची बाटली सुटली तरी बिल आपल्या टाकीवर येतं. सरकार बदललं. २०२० च्या मार्चात महाविकास आघाडीच्या अर्थसंकल्पात पर्यावरणासाठी एक रुपया आला आणि १ जूनपासून कोरोनाच्या खड्ड्यासाठी आणखी दोन. पुन्हा सरकार बदललं. २०२२ च्या जुलैत शिंदे सरकारनं पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी केले, त्यांच्या नावावर ते जमा धरू. पण दुष्काळ, दारू, पर्यावरण, कोरोना हे पाहुणे येऊन गेले आणि कोणाचं अंथरूण कधी आवरलं, कोणाचं अजून पसरलेलं आहे, हे आज पंपावरच्या पावतीवरून कळत नाही. कर लावताना कारण लागतं. एकदा लागला की तो बिनकारणाचाही सुखानं जगतो.

आता कुणी म्हणेल, इंधनावर कर हवाच. धूर कमी होतो, लोक सार्वजनिक वाहनानं जातात. म्हणणं चुकीचं नाही. मुंबईच्या माणसाला पेट्रोल परवडेना झालं तर तो लोकलला लोंबकळेल, मेट्रोत चढेल. आमच्या स्टेशनचं नाव ‘हिंगोली डेक्कन’. नाव असं, की वाटावं राणीची गाडी थांबत असेल. पूर्णा-अकोला मार्गावरच्या मोजक्या गाड्या येतात आणि जातात. त्यातून उतरलेल्या माणसाला नर्सीला नामदेवांच्या पायाशी जायचं असो की औंढ्याला नागनाथाला, पुढं एसटी नाहीतर मोटारसायकल. एसटीचं भाडं २०२५ च्या जानेवारीतच जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. राहिली मोटारसायकल. तिच्यावर नवरा, बायको, मधे पोरगं आणि पुढच्या टाकीवर खताची पिशवी असते. या वाहनाला सार्वजनिक म्हणायचं नाही तर कशाला?

आणि भावाचा भूगोलही आमच्या विरोधातच. १९९९ च्या १ मेपर्यंत आमचा जिल्हा परभणी होता. ती परभणी राज्यात, कधीकधी देशातही, सर्वांत महाग पेट्रोलसाठी गाजलेली. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून शेकडो किलोमीटर येतो, त्याचं भाडं भावात बसतं. मुंबईपासून जितकं लांब जावं तितकं पेट्रोल महाग आणि मजुरी स्वस्त. हा मराठवाड्याचा अनुशेष कुठल्या समितीनं मोजला नाही.

२०२४ साली मात्र कर एकसारखा करायची हुक्की सरकारला आली. जूनच्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा पेट्रोलवरचा कर २६ वरून २५ टक्क्यांवर आणला, डिझेलवरचा २४ वरून २१ वर. का, तर उरलेल्या राज्यात तेवढाच आहे म्हणून. तिकडं पेट्रोल ६५ पैशांनी आणि डिझेल दोन रुपयांनी उतरलं. आमच्याकडे काहीच उतरलं नाही, कारण आम्ही आधीच समान होतो. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा मुंबईचा अनुशेष निघाला, आणि तो हिंगोलीच्या पातळीवर आणून भरला. अभिमानानं ऊर भरून आला. टाकी तेवढी भरली नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये हाच वाद पेटला होता. इंधन आधीच महाग, त्यात पर्यावरणासाठी वाढीव कर. तिथं प्रत्येक गाडीत कायद्यानं एक पिवळं जाकीट ठेवावं लागतं. लोक तेच घालून चौकाचौकांत बसले. पुढाकार पॅरिसचा नव्हता. लहान गावांतल्या, रोज गाडीनं कामावर जाणाऱ्या माणसांचा होता. तुम्हाला जगाच्या शेवटाची चिंता, आम्हाला महिन्याच्या शेवटाची, असं ते म्हणत. डिसेंबरात सरकारनं नवी करवाढ मागं घेतली. पिवळे सदरे आमच्याकडेही आहेत. हळदीच्या हंगामात वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारात शंभरातले पन्नास पिवळेच असतात. पण ते पोती उतरवण्यात गुंतलेले असतात, चौकात बसायला सवड कुणाला? आणि पिवळ्या माणसानं आंदोलन केलं तर लोकांना वाटायचं, लग्नघरातून आलाय.

आमच्याकडे आंदोलनाचं ठरलेलं वाहन बैलगाडी. १९७३ साली पेट्रोलच्या भाववाढीविरुद्ध अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तेव्हापासून ही गाडी भारतीय लोकशाहीत सर्वपक्षीय झाली. विरोधात बसलेला पक्ष तिच्यात बसतो, सत्ता आली की उतरतो आणि कासरा समोरच्याच्या हातात देतो. गाडी तीच, बैल तेच, गाडीवानही बहुधा तोच. अडचण एवढीच, की गावात आता बैलजोड्या मोजक्या उरल्यात. मोर्चासाठी बैल हवे असतील तर ते टेम्पोत घालून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागतात. पेट्रोल दरवाढीच्या निषेधाला डिझेल लागतं, आणि त्यावरही २१ टक्के.

कर नकोच, असं मी म्हणत नाही. दवाखाना चालतो, शाळा चालते, एसटी रडतखडत का होईना येते, ती करावरच. ठोका घ्या, बटई घ्या, काय घ्यायचं ते एक घ्या. बटई घ्यायची तर पुरती घ्या; वर जाताना वाटा घेता तसा खाली येतानाही द्या, बांधावर उभं राहून ढगाकडे बघा. ठोका घ्यायचा तर कागद करा. आमचा साधा अडाणी शेतकरीसुद्धा शंभरच्या, चुकलो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेच्या स्टँपवर लिहून देतो, की रक्कम किती, कशासाठी आणि कुठपर्यंत. दुष्काळासाठी दोन रुपये म्हणालात तर दुष्काळ संपला की दोन रुपये संपले, एवढंच लिहायचंय. एका ओळीचं काम आहे.

हे सगळं मी मामांना सांगत होतो. ते ट्रॅक्टरवर चढले, चावी फिरवली आणि धुराच्या वरून विचारलं, “ते समदं ऱ्हाऊ दे. आपल्या ठोक्याला पुढचा पाडवा असतो. सरकारचा पाडवा कधी असतो?”

प्रश्न बिनतोड होता, पण उत्तर नोंदींत आहे. भाव रोज सकाळी बाजारानुसार बदलतो, असं २०१७ पासून सांगतात. तो बाजार ४ नोव्हेंबर २०२१ ला झोपला आणि उत्तर प्रदेशचं मतदान, निकाल सगळं उरकल्यावर २२ मार्च २०२२ ला जागा झाला. पुढच्या पंधरवड्यात पेट्रोल दहा रुपयांनी वर. मधे दोन वर्षं पुन्हा गाढ झोप. मग १५ मार्च २०२४ ला दोन रुपये कमी झाले आणि १६ मार्चला लोकसभेची तारीख जाहीर झाली. सरकारचा पाडवा पंचांगात नसतो, आचारसंहितेच्या आदल्या दिवशी असतो.

म्हणजे वाट बघायची ती मतदानाची. २०२४ साली लोकसभा झाली, विधानसभा झाली. राहिली होती जिल्हा परिषद. तिची मुदत २०२२ च्या मार्चात संपली, आणि २०२५ च्या पाडव्यालाही तिथं प्रशासकच होता. चार पाडवे गेले.